ऑरेंजमधील ‘शब्द’ : एका चित्ररूप आज्ञावलीच्या सुधारणांविषयी

पदव्युत्तर प्रबंधांतून शब्दांच्या वारंवारितेची कोष्टके आता सर्रास दिसू लागली आहेत, आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु कोष्टकातील आकड्यामागे ‘शब्द’ म्हणून नेमके काय मोजले गेले, ह्याचा खुलासा प्रबंधात क्वचितच आढळतो. ज्या साधनांनी ही मोजणी होते त्यांपैकी ऑरेंज हे आमच्या विद्यार्थ्यांना विशेष प्रिय आहे. त्याच्या नव्या आवृत्त्यांतील भर आणि दुरुस्त्या ह्यांविषयी विचारणाही वारंवार होते. त्या निमित्ताने त्याच्या अंतर्रचनेचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ऑरेंजचा उगम स्लोव्हेनियातील ल्युब्ल्याना विद्यापीठात, १९९६ साली सुरू झालेल्या कामात आहे. आज ते पायथॉन भाषेवर उभे असून मुक्त परवान्याने कोणासही उपलब्ध आहे. त्यात आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. कोऱ्या फलकावर ‘विजेट’ नावाच्या पेट्या मांडावयाच्या आणि एकीच्या उजव्या कडेपासून दुसरीच्या डाव्या कडेपर्यंत रेघ ओढावयाची, की पहिलीतील सामग्री दुसरीत वाहू लागते. संहितांच्या अभ्यासासाठी ‘टेक्स्ट’ ही स्वतंत्र पुरवणी आहे. तिच्यात संहितासंग्रह उघडणारी, त्यावर पूर्वसंस्कार करणारी, शब्द मोजणारी आणि शब्दमेघ रेखाटणारी अशा निरनिराळ्या पेट्या आहेत.

ह्या पुरवणीत गेल्या काही वर्षांत पडलेली भर मोलाची आहे. संग्रह उघडतानाच त्याची भाषा नोंदविता येते आणि पुढच्या पेट्या ती नोंद वापरतात. बहुभाषिक प्रतिमानांच्या आधारे संपूर्ण संहितेचे संख्यारूप काढता येते. तथापि, वारंवारितेची गणना करणाऱ्या सर्व पेट्या पूर्वसंस्काराच्या जुन्याच पेटीवर विसंबून असतात, आणि तिच्यातील शब्दविभाजनाचा मूळ नियम मराठीला मानवणारा नाही.

हा नियम असा, की अक्षरे, अंक किंवा अधोरेषा ह्यांची सलग माळ म्हणजे एक शब्द. इंग्रजीत एवढ्याने भागते. देवनागरीत मात्र युनिकोडने काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्तचिन्ह ह्यांना ‘अक्षर’ न मानता ‘चिन्ह’ ह्या वेगळ्या वर्गात घातले आहे. पायथॉनचे अंगभूत नमुनाशोधन ह्या चिन्हांना शब्दाचा घटक समजत नाही. प्रत्येक चिन्हापाशी शब्द तुटतो. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ होतात. ‘विद्यार्थी’चे तर व, द, य, र, थ असे पाच तुकडे पडतात. ‘गवत’, ‘कमळ’ असे स्वरचिन्हरहित शब्द तेवढे अखंड राहतात. ह्या वर्तनाची नोंद पायथॉनच्या दोषसूचीत २००७ सालीच झालेली आहे.

एवढी मोडतोड कोणाच्याही नजरेस येईल, असे वाटण्याचा संभव आहे. पण ‘घरात’ हे रूप पाहा. त्याचे ‘घर’ आणि ‘त’ असे दोन भाग होतात! यंत्राने प्रकृती आणि प्रत्यय वेगळे केले, असाच भास होतो. ‘मर’ हेही आज्ञार्थी रूप म्हणून खपून जाते. सर्वस्वी निरर्थक उत्तरापेक्षा असे अर्धवट सार्थ उत्तर अधिक घातक होय, कारण त्याची तपासणी करण्याची बुद्धी होत नाही.

उपाय ऑरेंजमध्येच आहे. त्याच पेटीत स्वतःचे नमुनासूत्र लिहिता येते. देवनागरीचे ०९०० ते ०९६३ हे संकेतांक घेतले, म्हणजे स्वर, व्यंजने व चिन्हे आत येतात आणि दंड बाहेर राहतो. परंतु ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली उशिराने आले आणि त्याला ०९७२ हे स्थान मिळाले. ते वेगळे जोडले नाही, तर ‘ॲसिड’चे ‘सिड’ होते. शिवाय अ-वर चंद्र देऊन लिहिलेले जुने रूप डोळ्यांना तेच दिसले, तरी यंत्राच्या लेखी तो निराळा शब्द असतो.

अर्ध्या र-ची गोष्ट ह्याहून नाजूक आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. हा भेद आपण प्रथम वर्षाच्या वर्गातच शिकवितो. हा आडवा र संगणकात दोन प्रकारे नोंदविला जातो : एक नुक्तायुक्त ऱ घेऊन, आणि दुसरा साध्या र्-नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. ते जोडचिन्ह देवनागरीच्या पट्ट्यात नाही. सूत्रात ते नसेल, तर ‘दऱ्या’चे ‘दर्’ व ‘या’ होतात, आणि ‘या’ ह्या सर्वनामाची संख्या विनाकारण फुगते. त्याच पेटीत स्वराघातचिन्हे काढून टाकण्याचा एक पर्याय आहे. युरोपीय भाषांसाठी तो सोयीचा खरा, पण त्याची पद्धती हलन्त व नुक्ता दोन्ही पुसून टाकते. मग दर्याही ‘दरया’ आणि दऱ्याही ‘दरया’! मराठीसाठी तो पर्याय बंदच ठेवावा.

ह्यापुढचे प्रश्न आज्ञावलीचे नसून आपले आहेत. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘नाहीं’ आढळेल, नंतरच्यांत ‘नाही’. दोन्ही काळांची तुलना करणाऱ्याने ही रूपे एक करावयाची की नाही, हे आधी ठरविले पाहिजे. ‘घरासमोरच्या’ ह्या रूपातून ‘घर’ काढण्याचे कामही यंत्रावर निर्धास्तपणे सोपविता येत नाही. युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज प्रकल्पातील मराठीचा विश्लेषित संग्रह अवघ्या ४६६ वाक्यांचा आहे, व तीही बहुतांशी कथांतली. त्यावर घडलेल्या प्रतिमानाकडून वृत्तपत्रीय मराठीचे अचूक पदविश्लेषण अपेक्षिणे अवाजवी होईल.

तूर्त विद्यार्थ्यांनी इतके करावे. पूर्वसंस्काराच्या पेटीला संग्रहदर्शक पेटी जोडून तिच्यात शब्दखंड दाखविण्याचा पर्याय निवडावा आणि मोजणीपूर्वी निदान दोन पाने डोळ्यांखालून घालावीत. प्रबंधात आज्ञावलीच्या नावाबरोबर आवृत्तीचा क्रमांक, वापरलेले नमुनासूत्र आणि बंद ठेवलेले पर्याय नोंदवावेत. ह्या नोंदी यापुढे कोष्टकांच्या आधी, पद्धतीच्या प्रकरणातच तपासल्या जातील.