आजीचा आवाज लहान, आपला मोठा: फोन-रेकॉर्डिंगचे गैरसमज

वसईत कादोडी म्हणजे सामवेदी बोली सहज बोलणारी पिढी आता थकत चालली आहे. नंदाखाल, निर्मळ, भुईगावच्या वडीलधाऱ्यांना फोन लावून त्यांच्या आठवणी पॉडकास्टसाठी टिपायच्या, तर पहिली अडचण आवाजाची. विचारणारा कानाशी ओरडतो आणि जिचं ऐकायचं ती आजी पुटपुटल्यासारखी वाटते.

‘नॉर्मलाइझ केलं की दोघांचा आवाज सारखा होतो,’ हा सर्वांत घट्ट गैरसमज. नॉर्मलाइझ ट्रॅकमधला सर्वांत उंच क्षण शोधतं आणि सगळंच तेवढ्याच मापाने वर-खाली करतं. तो उंच क्षण बहुधा विचारणाऱ्याच्या हसण्याचा असतो. दोघांत आधी १५ डेसिबलचं अंतर असेल, तर नंतरही १५च उरतं. म्हणून दोन्ही बाजू शक्यतो वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्याव्यात. एक बाजू डाव्या आणि दुसरी उजव्या चॅनेलवर असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये त्या सुट्या करता येतात. मग आजीचाच ट्रॅक वाढवायचा. सगळं एकत्र मिसळलेलं असेल, तर एन्व्हलप टूल घेऊन वाक्यावाक्याला हाताने आवाज सारखा करायचा. काम वेळखाऊ आहे, पण अशा आठवणींसाठी मला तेच योग्य वाटतं. आपोआप पातळी साधणारी साधनं कधीकधी आजीच्या दोन वाक्यांमधली शांतताही खरखरीने भरून टाकतात.

कंप्रेसरही लहान आवाज थेट वाढवत नाही. ठरवलेल्या मर्यादेवरचा आवाज तो दाबतो. ३:१ प्रमाणात ९ डेसिबलचा उंचवटा ३वर येतो. त्यानंतर सगळं वर उचललं की घरातला पंखाही वर येतो. म्हणून खरखर आधी कमी करावी, कंप्रेसर नंतर.

शेवटची पातळी? ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस सुमारे उणे १६ एलयूएफएसची (कानाला जाणवणाऱ्या एकूण आवाजाचं माप) आहे.

आवाज वाढवला की शब्द स्पष्ट होतात, हेही खरं नाही. जुन्या पद्धतीचा कॉल साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झच वाहून नेतो. ‘स’चा बराचसा सळसळाट त्याच्या वर असतो. जे पोहोचलंच नाही, ते वाढवणार कसं? दोन्हीकडे व्होएलटीई एचडी कॉल असेल, तर मर्यादा ७,००० हर्ट्झच्या आसपास जाते. त्याहून चांगलं म्हणजे आजीच्या नातवाला दुसऱ्या मोबाइलवर, तिच्यापासून वीतभर अंतरावर व्हॉइस रेकॉर्डर चालू ठेवायला सांगावं आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवावी.