पाय सुन्न, तरी आग आग!

माझ्या पावलाला चिमटा काढा, मला पत्ता लागणार नाही. पण त्याच पावलात रात्री दहानंतर निखारे पेटतात. ‘अगं, संवेदनाच नाही, तर दुखतं कसं?’ हा प्रश्न आत्यापासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. 2016 मध्ये कार अपघातात मणका मोडला, मज्जारज्जूला मार बसला, तेव्हापासून मी व्हीलचेअरवर. चालता येत नाही हे लोकांना लगेच पटतं. दुखतं, हे नाही पटत.

तर फंडा असा. मज्जारज्जूत स्पर्शाची लाइन वेगळी, वेदनेची वेगळी. हलका स्पर्श त्याच बाजूने सरळ वर जातो आणि मेंदूच्या पायथ्याशी बाजू बदलतो. वेदना आणि गरम-थंड यांची लाइन मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडे जाते आणि मेंदूतल्या थॅलॅमसकडे निघते. म्हणजे डाव्या पायाची ठेच उजव्या बाजूने वर चढते!

माझ्या दोन्ही लाइन्सची वाट लागली. मग शांतता हवी ना? पण होतं उलटंच. जखमेच्या आसपासच्या चेतापेशींवर एरवी गाबा नावाच्या रसायनाचा ब्रेक असतो. तो सैल पडला, की त्या विनाकारण सिग्नल सोडत बसतात. तिकडे थॅलॅमसला खालून बातमी मिळेनाशी झाली, की तोही स्वतःच गलका सुरू करतो. आणि मेंदूच्या नकाशात माझे पाय अजून शाबूत आहेत. साहजिकच आग तिथे लागते.

साध्या पेनकिलरचा इथे फारसा उपयोग नाही, कारण बिघाड वायरिंगमध्ये आहे. एका डॉक्टरांनी तर मला ‘मन रमवा’ सांगून घरी पाठवलं होतं. पुढच्या डॉक्टरबाईंनी फक्त एवढंच विचारलं, ‘जळतं, की ठणकतं?’ मी तिथेच रडले. अशा दुखापतीनंतर निम्म्याहून अधिक लोकांना कायमचं दुखणं मागे लागतं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आता डबीत प्रीगॅबलिन असते. या दुखण्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने तिला 2012 मध्ये मान्यता दिली. शिवाय रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन. ही मूळची डिप्रेशनची गोळी, त्यामुळे केमिस्ट जरा निरखून बघतो. बघू दे! आग विझत नाही, मंदावते. सकाळच्या मीटिंगमध्ये डोळ्यांवर झापड मात्र असते. आणि आग अचानक भडकली, की मी आधी बैठकीची जागा आरशात बघते, मग लघवीची तपासणी करून घेते. बेडसोर किंवा इन्फेक्शन झालं, तरी ती अशीच वाढते.