रक्ताच्या थेंबांतील ओळख

नाशिक जिल्ह्यांतील नांदगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं कोणाला हुडहुडी भरून ताप आला, कीं आरोग्यसेवक त्याच्या बोटाला सुई टोंचून कांचेच्या पट्टीवर दोन तऱ्हांनीं रक्त लावतो: एक जाड ठिपका आणि एक पातळ थर. एवढ्याशा रक्ताला दोन रूपें कशाला, असें आपणांस वाटेल. पण "हिंवताप आहे काय?" आणि "कोणता आहे?" हे दोन निराळे प्रश्न आहेत.

जाड ठिपक्यांत रक्त पुष्कळ, म्हणून जंतु तुरळक असले तरी सांपडतात. मात्र त्यांतील तांबड्या पेशी पाण्यानें फुटून जातात. जंतु उरतो, त्याचें घर नाहींसें होतें. आणि जंतूची जात बरीचशी त्या घरावरूनच ओळखावी लागते. पातळ थरांत पेशी शाबूत राहतात.

व्हायव्हॅक्स जातीचा जंतु शिरला, कीं पेशी फुगते, तिच्यावर बारीक गुलाबी ठिपके उमटतात आणि जंतु वेडावांकडा पसरतो. रंगाच्या पाण्यांत थोडी जरी आम्लता आली, तरी हे ठिपके दिसेनासे होतात. हिंवतापाच्या तपासणींत पाण्याची इतकी काळजी घेतात ती यासाठीं. आपल्याकडे १९४४ पासून जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांचा रंग या कामीं फार वापरला गेला.

फॅल्सिपेरमची गोष्ट वेगळी. पेशी फुगत नाहीं. तींत नाजुक अंगठी दिसते, कधीं दोन खड्यांची. कधीं एकाच पेशींत दोन-तीन अंगठ्या. पुढील वाढ होते ती मेंदू, मूत्रपिंडें इत्यादि अवयवांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस चिकटून. त्यामुळें बोटाच्या रक्तांत बहुधा या अंगठ्या आणि केळ्यासारखीं वांकडीं लैंगिक रूपें एवढेंच सांपडतें. जें दिसत नाहीं, तेंच येथें प्राणघातक असतें. पट्ट्यासारखा आडवा पसरणारा मलेरी क्वचितच भेटतो.

खरी पंचाईत कोवळ्या अंगठ्यांची. त्या वेळीं व्हायव्हॅक्सची पेशीहि अजून फुगलेली नसते आणि दोघे भाऊ-भाऊच वाटतात. मग एका अंगठीवर निकाल न देतां आणखी क्षेत्रें पाहावीं लागतात. शिवाय दोन्ही जाती एकत्रहि असूं शकतात. म्हणून एक सांपडली, कीं यंत्र बाजूला सारणें हा माझ्या मतें सर्वांत मोठा दोष आहे. ठिपक्याचीं निदान १०० क्षेत्रें पाहावींत, हा जुना दंडक त्यासाठींच.

या ओळखीवर औषध ठरतें. व्हायव्हॅक्स यकृतांत दडतो आणि महिन्यांनीं उलटतो, म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस द्यावें लागतें. फॅल्सिपेरम असा दडत नाहीं, परंतु थोड्या दिवसांत जीव घेऊं शकतो. त्याला आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त औषध तातडीनें हवें.

मुंबईस हें पाहणें जुनें आहे. लाव्हेराननें १८८० सालीं अल्जीरियांत हे जंतु पाहिले. १८८७ मध्यें व्हॅनडाइक कार्टर यांनीं त्यांचें वर्णन मुंबईहून केलें. ग्रे यांच्या शारीरशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रें काढणारे ते हेच.

आपणांकडे मात्र एक विनंति आहे. ताप येतांच घरांतील गोळी घेऊन मग रक्त देऊं नये. औषधानंतर जंतु तुरळक आणि आक्रसलेले होतात, आणि अनुभवी तपासनीसहि "जंतु आहेत" एवढेंच लिहून थांबतो.