डोंगराची उंची आणि भूचर पक्ष्यांचा आडोसा

ग्राऊज हे कुक्कुटवर्गातील पक्षी उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत राहतात. भारतात त्यांची एकही जाती आढळत नाही. आपल्याकडील पाखुर्डीस इंग्रजीत सँडग्राऊज म्हणतात खरे, परंतु ती निराळ्या गणातील आहे. तथापि डोंगराची उंची व पक्ष्यांचा अधिवास यांचा संबंध जाणून घेण्यास ग्राऊजचे उदाहरण उपयुक्त ठरते.

स्कॉटलंडच्या डोंगरांत पाइनच्या अरण्यात कॅपरकेली, अरण्याच्या कडेस काळा ग्राऊज, हेदर झुडपांच्या माळावर तांबडा ग्राऊज आणि सुमारे ७५० मीटरांच्या वर, खडकाळ माथ्यांवर टार्मिगन राहतो. टार्मिगनची पिसे हिवाळ्यात पांढरी होतात. त्याची बोटेही पिसांनी झाकलेली असतात. दर १,००० मीटर चढास हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. तीनुसार वनस्पती पालटतात आणि वनस्पतींनुसार पक्षी. हिमालयात हीच व्यवस्था कालीज, मोनाल व हिमकुक्कुट यांच्यात दिसते. म्हणजे उंची हे मूळ कारण असले, तरी पक्ष्याचा प्रत्यक्ष आधार म्हणजे तेथील अन्न व आडोसा होय.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात या विधानाची परीक्षा करता येते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या या अरण्यातील सर्वोच्च माथाही ५०० मीटरांहून कमी आहे. पायथा व माथा यांच्या तापमानात सुमारे तीन अंशांचाच फरक पडत असल्याने येथे हिमालयासारखे पट्टे संभवत नाहीत. तरीही भूचर पक्षी सर्वत्र सारखे विखुरलेले नसतात. चकोत्री बांबूची बेटे, कारवी व ओढ्याकाठची गच्च झाडोरी पसंत करते; संकट येताच ती उडण्यापेक्षा झुडपात पळून जाते. लावा मात्र कोरडे गवत व विरळ झुडपे यांत रमतो. येथे पट्टे पडतात ते उंचीचे नव्हेत, आडोशाचे.

हा आडोसा नाजूक आहे. चकोत्री मुख्यतः जानेवारी ते जून या काळात जमिनीवरील खळग्यात तीन ते पाच अंडी घालते. पाचोळा वाळून वणवे लागतात तेही याच महिन्यांत. शिवाय कारवी आठव्या वर्षी फुलून मरते. २०१६ नंतर ती २०२४ साली फुलली. आता तिच्या जागी कोवळी रोपे वाढत आहेत. ती जळाल्यास तेथील आडोसा पुन्हा उभा राहण्यास अनेक वर्षे लागतील.

उंच पर्वतावरील पक्ष्यास, खालचा पट्टा प्रतिकूल झाल्यास, माथ्यापर्यंत तरी सरकता येते. बोरिवलीच्या चकोत्रीस वर निराळा पट्टा नाही, आणि खाली बोरिवली, मुलुंड व ठाणे यांची दाट वस्ती आहे. म्हणून येथील निरीक्षकांनी पक्षी दिसलेल्या जागेच्या उंचीबरोबर तेथील झाडोऱ्याचीही नोंद ठेवावी. केवळ मोठे वृक्ष राखल्याने हे पक्षी राहणार नाहीत. वृक्षांखालचा झाडोराही अरण्य म्हणूनच राखला पाहिजे.