नाव ओळखीचं, पण फोन कुणाचा?



खरीप तोंडावर आहे. बियाणं-खताची जमवाजमव सुरू आहे, खात्यात पैसे आहेत आणि फसवणाऱ्यांनाही हे माहीत आहे. म्हणून आज पिकाऐवजी फोनचा सल्ला.

फसवणारा स्वतःचं नाव सांगत नाही. तो इफको, महाबीज, स्टेट बँक, पीएम किसान असं आपल्या विश्वासाचं नाव घेतो. उद्या आपल्या कंपनीचंही घेईल. स्क्रीनवर दिसणारं नाव किंवा व्हॉट्सॲपवरचा लोगो हा पुरावा नाही. लोगोचा फोटो कुणीही लावू शकतो.

हे चार फोन ओळखून ठेवा:

१) "डीएपी शिल्लक आहे, निम्मे पैसे आत्ता पाठवा, गोण्या घरपोच देतो."
अनुदानाचं खत परवानाधारक दुकानात, पॉस मशीनवर शेतकऱ्याची ओळख पटवूनच विकलं जातं. त्यामुळे फोनवर ॲडव्हान्स मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. मोठ्या कंपनीची डीलरशिप देतो म्हणून नोंदणी फी मागणाराही त्याच माळेतला मणी.

२) "पीएम किसानचा हप्ता अडकलाय, ही फाइल उघडा."
फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर हात लावू नका. ते ॲप असतं. ते फोनमध्ये बसलं आणि परवानगी दिली गेली की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, समोरचा वाचू शकतो. ई-केवायसी सरकारी पोर्टलवर, प्ले स्टोअरवरच्या सरकारी ॲपवर किंवा सीएससी केंद्रातच करा.

३) "तुमच्या मालाचे पैसे टाकतोय, पिन टाका."
यूपीआय पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही.

४) "कुरिअर आलंय, स्टार ४०१ स्टार लावून हा नंबर डायल करा."
असं केलं की तुमचे फोन परस्पर त्याच्या नंबरवर वळू शकतात. मग ओटीपी सांगणारा कॉलही तिकडेच जाऊ शकतो. चुकून डायल केलं असेल तर ##००२# लावा, फॉरवर्डिंग रद्द होतं.

गटाचे सचिव आणि संकलन केंद्र सांभाळणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. "साहेब बोलतोय, मीटिंगमध्ये आहे, या खात्यावर लगेच पैसे टाक" किंवा "आमचा खाते नंबर बदललाय" असा फोन-मेसेज आला, तर नेहमीच्या नंबरवर बोलून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

मग खरा फोन कसा ओळखायचा? ओळखत बसूच नका. फोन कट करा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर तुम्ही स्वतः लावा. पासबुकवरचा, पावतीवरचा किंवा आपल्या ऑफिसचा नंबर चालेल. समोरच्याने दिलेला नको, गुगलवर सहज सापडलेलाही नको, कारण तिथेही खोटे नंबर टाकलेले असतात. खऱ्या माणसाला तुम्ही उलट फोन केल्याचा राग येत नाही. "आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर खातं बंद होईल" अशी घाई झाली की समजून जा.

आणि पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा. व्यवहाराचा नंबर, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार झाली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितकी आशा कमी. एपीके फाइल उघडली गेली असेल तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावा.

आपली कंपनी तुमच्याकडे ओटीपी किंवा पिन कधीही मागणार नाही. आमच्या नावाने असा फोन आला, तर ऑफिसला जरूर कळवा, म्हणजे बाकीच्या सभासदांना लगेच सावध करता येईल.

हा मेसेज घरात वाचून दाखवा. फोन कधी आई उचलते, कधी पोरं.

– कृषी सल्ला विभाग