डुकरिणीचीं जादा पिलें कशीं जगवावीं?

अधिक पिलें म्हणजे अधिक उत्पन्न, असा वराहपालकांचा सर्वसाधारण समज असतो. तो पुरता खरा नाहीं, हें डेन्मार्क देशाच्या अनुभवावरून आमच्या वाचकांस दिसून येईल. तेथें निवडक पैदाशीमुळें एका वेतांत सरासरी १७ हून अधिक जिवंत पिलें होऊं लागलीं. परंतु डुकरिणीस सड मात्र बहुधा १४ ते १६ च असतात. प्रत्येक पिलूं पहिल्या कांहीं दिवसांतच आपला सड ठरवून घेतें. पान्हा सुमारें तासातासानें, आणि तोही अवघा २० सेकंदांच्या आसपास सुटतो. अशा वेळीं ज्यास सड मिळाला नाहीं तें पिलूं उपाशीं मरतें, किंवा आईजवळ घुटमळतां घुटमळतां तिच्या अंगाखालीं चेंगरतें.

यावर पहिला उपाय चिकाचा. डुकराच्या पिलास रोगप्रतिकारक द्रव्यें बहुतेक चिकांतूनच मिळतात, व तीं शोषून घेण्याची आंतड्याची शक्ति सुमारें २४ तासांत संपते. म्हणून जादा पिलूं हलविण्यापूर्वीं निदान १२ तास आईपाशीं राहूं द्यावें. वेत मोठें असल्यास थोरलीं, पोट भरलेलीं पिलें तास-दीड तास उबदार पेटींत ठेवून धाकट्यांस निवांत पिऊं द्यावें.

दुसरा उपाय दाईचा. चार ते सात दिवसांपूर्वीं व्यालेली, शांत व दुधाळ डुकरीण निवडून तिला नवजात जादा पिलें देतात. तिचीं स्वतःचीं पिलें, जिच्या पिलांचें दूध नुकतेंच तोडलें आहे अशा दुसरीकडे जातात. येथें पुष्कळजण दुबळें पिलूं दाईकडे धाडून चुकतात. धाडावें तें धट्टेंकट्टें. दुबळ्यास आईचाच सड मोकळा करून द्यावा. रिकामा सड थोड्याच दिवसांत आटतो. यास्तव दोन व्यालेल्या डुकरिणींत पिलांची अदलाबदल करणें झाल्यास ती पहिल्या दोन दिवसांतच उरकावी.

या उपायांस मोलही पडतें. दाईस अरुंद पिंजऱ्यांत अधिक दिवस अडकून पडावें लागतें, व पिलांबरोबर रोगही एका खणांतून दुसऱ्यांत जातो. डेन्मार्कांत २००४ सालापासून पैदाशीची निवड जन्मलेल्या पिलांवर न करतां पांचव्या दिवशीं जिवंत असलेल्या पिलांवर होऊं लागली, ती याच जाणिवेनें. आमच्या मतें दोन-चार डुकरिणी बाळगणारानेंही हिशेब दूध तोडतांना हातीं राहिलेल्या पिलांचाच मांडावा.