मोठं स्टेडियम, छोटा संघ

कुमारांच्या संघाला ‘आंतरराष्ट्रीय दर्जाचं’ स्टेडियम मिळालं की आपण खेळाचं भलं झालं असं धरून चालतो. अनुभव वेगळं सांगतो. कॅनडात आइस हॉकीला आपल्याकडच्या क्रिकेटचा मान आहे आणि तिथल्या ज्युनियर संघांत साधारण सोळा ते वीस वर्षांची मुलं खेळतात. व्हँकुव्हर जायंट्स हा २००१ साली सुरू झालेला असाच एक संघ. त्याचं घरचं मैदान होतं पॅसिफिक कोलिझियम, म्हणजे १९९५ पर्यंत व्हँकुव्हर कॅनक्स या व्यावसायिक संघाचं, सुमारे १६ हजार आसनांचं. २००७ साली तिथेच जायंट्सनी मेमोरियल कप जिंकला. तरीही २०१६ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि जवळच्याच लँगलीतल्या सुमारे पाच हजार आसनांच्या जागेत बस्तान हलवलं. हिशेब सरळ आहे. चार हजार प्रेक्षक १६ हजार खुर्च्यांत बसले तर चारांतल्या तीन रिकाम्या दिसतात; तेच चार हजार लँगलीत आले तर जागा भरल्यासारखी वाटते. शिवाय दिवे, सफाई आणि सुरक्षारक्षक यांचा खर्च बराचसा इमारतीच्या आकारावर ठरतो, गर्दीवर नाही.

हे परदेशातलं खूळ नव्हे. त्याच २०१६ साली मुंबई सिटी एफसी या व्यावसायिक फुटबॉल संघाने नेरुळचं सुमारे ४५ हजार आसनांचं डी. वाय. पाटील स्टेडियम सोडून अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल जवळ केलं. तिथे दहा हजारही प्रेक्षक मावत नाहीत. नेरुळचं मैदान मुळात क्रिकेटचं, गोल. फुटबॉलची आयताकृती आखणी त्यात बसवली की पहिल्या रांगेतला माणूसही खेळापासून लांब पडतो. पगारी खेळाडूंच्या संघाला जी जागा मोठी वाटली, ती पोरांना पेलेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

यावर पहिला आक्षेप २०१७चा. सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, ५२ सामन्यांना मिळून साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले आणि स्पेनने मालीला हरवलेला उपांत्य सामना नेरुळलाच रंगला. खरं आहे. पण तो उत्सव होता; उत्सवाचा मांडव मोठाच हवा, रोजच्या संसाराला तो लागत नाही. दुसरा आक्षेप सोयींचा: चांगलं टर्फ, प्रकाशझोत आणि कपडे बदलायच्या खोल्या मोठ्या संकुलातच मिळतात. तेही खरं, पण या सोयी खेळाडूंसाठी असतात आणि त्यांचा प्रेक्षकांच्या खुर्च्यांशी संबंध नसतो. उत्तम मैदानाभोवती हजार माणसांच्या पायऱ्या बांधल्या तरी भागतं. मोठ्या मैदानावर खेळल्याने मुलांची भीड चेपते, असंही म्हणतात. भीड चेपते ती गर्दीपुढे खेळून. रिकाम्या खुर्च्यांपुढे नव्हे.

हा मुद्दा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बारवी धरणाच्या परिसरातल्या शहरांना थेट लागू पडतो. इथल्या मुलाला नेरुळ गाठायचं तर लोकलने ठाणे आणि तिथून गाडी बदलून ट्रान्स हार्बर मार्ग. सामन्याच्या दिवशी तो जाईल, पण रोजच्या सरावाला? आणि त्याचा खेळ बघायला आईवडील, शाळासोबती किती वेळा येतील? शेजारच्या कल्याणात जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, त्याही कुठल्या मोठ्या स्टेडियमात नव्हे, आणि बातमी जगभर गेली. टर्फचं म्हणाल तर मैदानी हॉकीचं पाण्याने भिजवायचं टर्फ इथे परवडणार नाही, कारण नळाच्या पाण्याचंच वेळापत्रक सांभाळावं लागतं. पण मुलांच्या सरावाला वाळूचा थर असलेलं टर्फ चालतं. तेव्हा भव्य संकुलाच्या घोषणेला टाळ्या वाजवण्याआधी नागरिकांनी विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव असलेल्या भूखंडांचं काय झालं, हे नगरसेवकांना विचारावं. स्टेशनपासून चालत जाता येईल असं एक नीट राखलेलं मैदान मुलांच्या जास्त उपयोगी पडेल.